वास्कोचा शेट आणि हळर्णची चिंगी

गेल्या महिन्यात एका शनिवारी आमचे मिस्टर वास्कोहून घरी आलेच नाहीत. "कणकण आहे, या आठवड्यात राहू दे," म्हणाले. रविवारी सकाळी डब्यात पेज आणि लोणचं घेतलं आणि न कळवताच हळर्णहून बस पकडली.

मिस्टर तिकडे एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात आहेत. आठवडाभर तिथल्या खोलीवर आणि शनिवार-रविवार घरी, हे आमचं लग्नापासून असंच. मुलगी शिकायला बाहेर गेल्यापासून घरात मी आणि आमची मांजर चिंगी.

ह्यांना चिंगीचं कधीच कौतुक नव्हतं. सोफ्यावर एक केस दिसला तरी कुरकुर. चिंगीसुद्धा ह्यांची बॅग दिसली की फिसकारायची... आम्हाला वाटायचं, बंदरावरच्या डिझेलचा वास येत असणार.

तर खोलीचा जिना चढत होते, तेवढ्यात आतून ह्यांचा आवाज आला. कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होते. "थंय सगळी नवी पोरां आसत रे. माझ्यान जमतला काय ना, भंय वाटता."

मी पायरीवरच थांबले. ह्यांची म्हापशाच्या ऑफिसात बदली झाली होती, पुढच्या महिन्यापासून रोज घरी येणार होते. मी इतकी खूश होते, की ह्यांना कसलं भय वाटत असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

दार ढकललं, तर आत माणूस कोणी नाही. उशीवर एक भलामोठा पांढरा-पिवळा बोका बसलेला, एक कान अर्धा तुटका. आणि आमचे मिस्टर दुधात उंडो, म्हणजे पाव, कुस्करून त्याला भरवतायत!

"हो कोणाचो?" मी विचारलं. "कोणाचो ना. असोच येता..." पण कोपऱ्यात पाण्याची वाटी होती, खाटेखाली घडी घातलेला जुना टॉवेल होता, कपाटावर कॅट फूडचं पाकीट होतं. नावसुद्धा होतं. शेट.

आधी हसू आलं. मग राग आला. मग नक्की काय वाटतंय तेच कळेना... चिंगी बॅगेवर कशाला फिसकारायची, ते मात्र आत्ता कळलं. आमच्या घरात तिला एकटीलाच सगळं ठाऊक होतं!

"चिंगीचे केस चालत नाहीत तुम्हाला आणि हा उशीवर?" मी म्हटलं. ह्यांनी शेटचा तुटका कान कुरवाळला. मग म्हणाले, "तुका थंय चिंगी आसा गो. हंय सांजवेळाक माका कोण?"

मी पेज गरम केली आणि दोघांना वाढली. हो, दोघांना.

आता प्रश्न असा, की खोली सोडायची तर शेटचं काय? तिथे शेजारच्या खोलीत राहणाऱ्या आंटीने लगेच सांगितलं, "म्हजेकडेन रांव दी, हांव पळयतां ताका." म्हणजे त्याला बघणारं माणूस आहे. रस्त्यावर पडेल, उपाशी राहील, असं काही कारणच उरलं नाही. आणि ह्यांना विचारलं तर, "तू म्हणशीत तसा." अशा उत्तराने माणूस जास्त चिडतो की नाही सांगा!

चिंगी आता म्हातारी झालीय. मागे शेजारचं एक पिल्लू पडवीत आलं तर तिने खाणं सोडलं होतं. म्हापशाचे डॉक्टर म्हणाले, बोक्याचं ऑपरेशन करून घ्या, वेगळ्या खोलीत ठेवा, एकाचं अंथरूण दुसऱ्याला हुंगू द्या, घाई नको.

हे सगळं मी बहिणीला सांगितलं. शेटला घरी आणायला मी का कचरत होते, त्याचं खरं कारण मात्र कोणालाच सांगितलं नाही... आज इथेच लिहिते.

रोज फोनवर "कसं चाललंय" विचारलं, की मला उत्तर यायचं "बरां चल्लां." आणि मनातलं सगळं शेटला! तो घरी आला, तर हे त्यालाच सांगत बसणार. नाही आला, तर कदाचित मला सांगतील. किंवा मग कोणालाच नाही... हा शेवटचा विचार आला आणि मी माळ्यावरची टोपली खाली काढली.

खोली सोडायच्या दिवशी मीच टोपली घेऊन गेले. आंटीला म्हटलं, महिनाभर बघतो, नाही जमलं तर परत आणून सोडू. मिस्टर टेम्पोत टोपली मांडीवर घेऊन बसले. शेट मांडवीच्या पुलापर्यंत ओरडत होता. नंतरही ओरडतच होता.

आता तो मागच्या खोलीत असतो. चिंगी दाराबाहेर ठाण मांडून बसते, फटीतून पंजा दिसला की गुरगुरते. जेवते मात्र व्यवस्थित. हे ऑफिसातून आले की सरळ त्या खोलीत, दार बंद, आणि आतून बोलण्याचा आवाज.

काल संध्याकाळी मला राहवेना. मी पण चिंगीच्या शेजारी खाली जमिनीवर जाऊन बसले. शब्द नीट कळत नव्हते, नुसता सूर येत होता... मग आतला आवाज थांबला. "भायर कित्याक बसलंस? भितर ये."

मला म्हणाले की चिंगीला, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. चिंगी जागची हलली नाही. मग मीच उठले.

आत गेले तर शेटने एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. मी भिंतीला टेकून बसले. ह्यांनी आधी पंख्याचा स्पीड कमी केला, मग खिडकी लोटली... मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज कम्प्युटरार एक चूक झाली गो माझ्यान." आणि सांगत राहिले. मी मध्ये एक शब्द बोलले नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल हे किती कठीण आहे!

दोन मांजरांचं जमेल की नाही, अजून काहीच कळत नाहीये. महिना संपायचाय, चिंगीचा राग जायचाय. पण आज सकाळी आंटीला फोन करून सांगितलं, शेटची वाट बघू नका. आणि आभार मानले... इतकी वर्षं त्या जिन्यावर दोघांवरही लक्ष ठेवल्याबद्दल.