अवकाळीची वाट

मार्चमध्ये आभाळ भरून आलं की बीड जिल्ह्यातली माणसं खळ्यावरचं पीक झाकायला धावतात. कॉफीमामा मात्र कपाळावर हात धरून ढगांकडे मायेनं बघायचे. अख्ख्या वडवणी तालुक्यात अवकाळी पावसाची वाट पाहणारा तो एकच माणूस असावा. नात्यानं ते आईचे चुलतभाऊ. कॉफीमामा हे नाव गावानं दिलेलं, आणि देताना गावाचा हेतू फारसा चांगला नव्हता.

शेतकऱ्यांच्या सहलीतून ते चिकमंगळूरला गेले आणि येताना रोपं घेऊन आले. शेवगा-हादग्याच्या सावलीत, ठिबकवर, त्यांनी एकरभर कॉफी लावली. "इथं जवारी तगंना, कॉफी कावून?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "तिला कुठं ठावं हाय, आपण बीडात हाव म्हणून?" झाडांना ते हळूहळू ठाऊक झालं. पहिल्याच उन्हाळ्यात निम्मी वाळली, उरलेल्यांना वाळवीनं गाठलं. संध्याकाळी मामा बागेतून परतायचे ते दिवसभर ओझी वाहिल्यासारखे, आणि मामींकडे चहा मागायचे. कॉफी त्यांना आवडत नसे.

पहिलं पीक घरात आलं तेव्हा मामींनी त्या वाळक्या बिया भिजत घातल्या आणि सकाळी उसळीसाठी कुकरला लावल्या. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, पण बी शिजेना. "आवं, दगडं पेरलीत का तुमी?" त्या वैतागून म्हणाल्या. मामांनी कुकरात डोकावून पाहिलं. "दगडं बरी," ते म्हणाले. "पाणी तरी मागत न्हाईत."

मग एक पुढारी बाग बघायला आले. फेटे बांधले गेले, 'मराठवाड्याचं कूर्ग' असं भाषण झालं. साहेबांनी झाडाला प्रेमानं हात लावून फोटो काढला. तो पेपरात छापूनही आला. झाड शेवग्याचं होतं. "मामा, सांगायचं ना त्यांना," मी म्हटलं. "कशाला? बागेत धड आलंय ते शेवगंच. त्याचा मान त्याला मिळाला."

कॉफीची अडचण अशी, की ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर एक चांगला पाऊस झाल्याशिवाय तिची कळी उमलत नाही. तुषार सिंचनानंही भागतं, पण त्यासाठी विहिरीत पाणी असावं लागतं. त्यामुळे गाव ज्याला अवकाळी म्हणे, त्याला मामा 'वेळेवरचा' म्हणत. बांधापलीकडे थोरल्या भावाचं, अण्णांचं रान. त्यांची ज्वारी नेमकी तेव्हाच काढून खळ्यावर पडलेली असायची. "तुझ्या झुडपांपायी माझी जवारी भिजवतो का बे?" अण्णा बांधावरून ओरडायचे. "म्या कुठं सोडतोय? वरनं येतोय त्यो," मामा इकडून सांगायचे. तोवर ती थट्टाच होती.

एका वर्षी तो खरंच आला आणि दिवेलागणीपर्यंत कोसळत राहिला. मळणीयंत्राची पाळी यायच्या आधीच अण्णांची सगळी कणसं भिजली. आठवडाभरात ज्वारी काळी पडली, आणि त्याच आठवड्यात कॉफी फुलली. फांद्या नुसत्या पांढऱ्या झाल्या. वास थेट मोगऱ्याचा. मी गेलो तेव्हा मामा बागेकडे पाठ करून बसले होते.

"फुलली की हो मामा!"

"हाय." मान न वळवताच ते म्हणाले, "वास लई लांब जातो रे. पार खळ्यापस्तोर. तेवढा गेला नसता तर बरं झालं असतं."

अण्णा भांडले नाहीत. त्यांनी थट्टाच काय, मामांशी बोलणंच बंद केलं. तेच मामांना झेपलं नाही.

पुढच्या वर्षी विहीर तळाला गेली होती. "औंदा फूल न्हाई आलं तर काढून टाकतो समदं. दमलो आता," असं मामा मला म्हणाले. दुसऱ्याच दिवशी दुपारी आभाळ काळंभोर झालं. वारा सुटला तसे ते उठले, घरातली ताडपत्री खांद्यावर घेतली आणि बांध ओलांडून अण्णांच्या खळ्याकडे निघाले. मी मागोमाग गेलो. अण्णांनी एक टोक धरलं, मामांनी दुसरं. मी कडेनं दगड ठेवत गेलो. मग तिघेही वर बघत उभे राहिलो.

चार थेंब पडले आणि ढग तेलगावकडे सरकले.

"गेला बे तुझा," अण्णा म्हणाले. वर्षभरानंतर ते मामांशी पहिल्यांदाच बोलत होते, आणि आवाजात थट्टा नव्हती.

"जाऊ दे," मामा म्हणाले. ताडपत्रीची कड उचलून त्यांनी ज्वारीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला.

"कोरडी हाय, अण्णा."