सीलच्या रेषेतली दाढी

मास्क लावून संदेशनं हवेच्या नळीच्या तोंडावर तळहात दाबला आणि श्वास आत ओढला. आता मास्क चेहऱ्याला चिकटून बसायला हवा होता आणि दहा सेकंद तसाच राहायला हवा होता. मी घड्याळाकडे बघत होतो. तीनपर्यंत आलो आणि जबड्याच्या डाव्या बाजूनं फुस्स असा आवाज आला. मास्क सुटला.

"पुन्हा," ट्रेनर सावंत बाई म्हणाल्या.

दुसऱ्यांदा चार सेकंद. तिसऱ्यांदा दोन. बाईंनी संदेशच्या नावापुढे 'फेल' लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द टाकला : दाढी.

रत्नागिरीत मासे गोठवून परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सचा प्रमुख होतो. आता रिटायर झालो आहे. मासे गोठवायला जी मोठी यंत्रणा लागते तिच्यात अमोनिया वायू फिरत असतो. तो पाइपमध्ये आहे तोवर गुणी. बाहेर आला की डोळ्यांना झोंबतो, आणि जास्त आला तर माणसाला श्वास घेऊ देत नाही. अशा वेळी मशीन रूममध्ये शिरून व्हॉल्व्ह बंद करायला कुणीतरी लागतं. तो माणूस पाठीवर हवेचा सिलिंडर बांधतो आणि सगळा चेहरा झाकणारा मास्क लावतो. सिलिंडर आणि मास्कच्या या जोडीला आम्ही बीए सेट म्हणतो. मास्कच्या कडेला रबराची पट्टी असते. ती कातडीवर घट्ट बसली तर 'सील' झालं. मध्ये दाढीचे खुंट आले तर फट राहते. फटीतून हवा वाया जाते, आणि धावपळीत जोरात श्वास ओढला तर अमोनियाही आत येऊ शकतो.

म्हणून नियम साधा होता. मशीन रूमच्या ऑपरेटरनं रोज क्लीन शेव्ह करून यायचं.

संदेश आडिवरेकर मूळचा नाटे गावचा. वडील आणि दोन्ही भाऊ होडीवर. हा एकटा आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन शिकला आणि आमच्याकडे लागला. माझ्या नोकरीत इतका चांगला ऑपरेटर मी पाहिला नाही. कॉम्प्रेसरवर तळहात ठेवून तो सांगायचा की या आठवड्यात बेअरिंग बघून घेऊया. उघडून बघितलं की खरंच घासलेलं असायचं. फक्त दाढीचं त्याच्याकडून होत नव्हतं. कायम चार दिवसांचे खुंट आणि शर्टाची कॉलर वरपर्यंत बंद. लोक म्हणायचे, स्टाइल मारतो. मलाही तसंच वाटायचं. मी त्याला त्याबद्दल दोन मेमो दिले होते. दोन्ही त्यानं मुकाट्यानं सही करून घेतले होते.

टेस्टच्या संध्याकाळी मॅनेजर देसाई साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जो बीए सेट घालू शकत नाही त्याला मशीन रूममध्ये ठेवायचं कसं? संदेशला लोडिंगवर टाका आणि दुसरा माणूस तयार करा, असं त्यांनी सांगितलं. लोडिंग म्हणजे कोल्ड स्टोरेजमधून खोकी उचलून कंटेनरमध्ये भरायची. ते काम वाईट नाही. पण बेअरिंगचं दुखणं हातानं ओळखणाऱ्या माणसानं ते करावं, हे मला पटेना. मी एक दिवस मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी संदेशला समोर बसवलं आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं, की दहा मिनिटांच्या दाढीपायी नोकरी घालवणार आहेस का. त्यानं कॉलरचं वरचं बटण काढलं आणि मान वर केली.

हनुवटीपासून गळ्यापर्यंत फोडच फोड होते. काही लाल, काही काळे पडलेले, दोनतीन पिकलेले. शर्टाच्या पट्टीला आतून रक्ताचे ठिपके होते.

"हे काय आहे?"

"दाढी केली की होतं साहेब. आठ दिवस जात नाय. मग परत केली की परत."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस? मी दोन मेमो दिले तुला."

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "दाढी केली की दुखतं, हे पुरुषानं कुणाला सांगायचं?"

मी चहा मागवला.

चौकशी केल्यावर कळलं की तो त्वचेच्या डॉक्टर बाईंकडे दोनदा जाऊन आला होता. मीही त्याच्याबरोबर एकदा गेलो. बाईंनी नीट समजावलं. संदेशचे केस राठ आणि कुरळे. बाजारातल्या तीन-चार पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस ओढून धरतं आणि पुढची पाती तो कातडीच्याही खालून कापतात. गाल गुळगुळीत लागतो, पण तो केस पुन्हा वाढताना बाहेर न येता वळून कातडीतच घुसतो. तोच फोड. सर्वांत चांगलं औषध म्हणजे दाढी राखणं. ते शक्य नसेल तर एका पात्याचं रेझर, भरपूर फेस आणि हलका हात.

चेहऱ्याला न चिकटणारा सैल टोपासारखा मास्क चालेल का, हेही मी सावंत बाईंना फोन करून विचारलं. अमोनियाच्या लीकमध्ये शिरायला तो चालणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे दाढी करणं आलंच.

आता इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. एका पात्याचं रेझर हा माझा शौक आहे. पंचवीस वर्षं मी जुन्या पद्धतीनं दाढी करतो. पितळी सेफ्टी रेझर, केसांचा जाड ब्रश, वाटीतला घट्ट साबण. ब्रश कोमट पाण्यात भिजत ठेवायचा, मग साबणावर गोल गोल फिरवायचा. आधी मोठे बुडबुडे येतात, मग ते मोडून फेस दह्यासारखा दाट होतो. तो गालावर चढवताना जे बरं वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही. नंतर पात्याचा बारीक खर्र खर्र आवाज. आमची ही म्हणते, देवपूजेला निम्मा वेळ दिलात तरी पुष्कळ झालं.

म्हणून मी देसाई साहेबांकडे गेलो आणि महिन्याची मुदत मागितली.

"आणि महिन्यात लीक झाला तर आत कोण जाणार?"

"संदेशच्या शिफ्टला मी थांबतो."

"तुमचं वय काय?"

"सत्तावन्न. पण टेस्टमध्ये पास आहे."

त्यांनी ते माझ्याकडून लिहून घेतलं. मीही त्यांच्या जागी तेच केलं असतं.

रविवारी सकाळी संदेश आमच्या घरी आला. पडवीतल्या बेसिनवर आरसा लावला आणि मी शिकवायला लागलो. रेझर तीसेक अंशात कलतं धरायचं. दाबायचं नाही, रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. हात थोडा थोडा चालवायचा. ब्रशनं फेस चढवताना संदेशनं डोळे मिटले होते. म्हणाला, एवढा वेळ मी माझ्या तोंडाला कधी हातच लावला नाय. मग मी त्याला माझी पद्धत दाखवली. पहिला हात वरून खाली, दुसरा आडवा, तिसरा उलटा, म्हणजे खालून वर. तीनदा फेस, तीनदा पातं. शेवटी तुरटी. गाल असा झाला की बोट घसरावं. मी माझ्यावरच खूश होतो.

बुधवारी तो कामावर आला नाही. फोन बंद होता.

संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो. दार त्याच्या बायकोनं उघडलं. संदेश गळ्याला ओला पंचा लावून बसला होता. फोड पूर्वीपेक्षा वाईट होते. तो म्हणाला, राहूदे साहेब, लोडिंगवर जातो मी. त्याच्या बायकोनं मला पाणी दिलं आणि बाजूला उभं राहून सरळ विचारलं, "डॉक्टरनी हलका हात सांगितला होता ना? मग तीनदा कशाला?"

ती बरोबर होती. मी त्याला त्याची दाढी शिकवलीच नव्हती. मी माझी दाढी त्याच्या तोंडावर केली होती. उलटा हात मला मानवतो, कारण माझे केस सरळ आणि मऊ आहेत. मी दोघांचीही माफी मागितली. संदेशला ते आवडलं नाही, तो उगाच उशी सारखी करत राहिला.

कातडी शांत व्हायला दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत दाढी वाढू दिली, आणि त्यातूनच पुढचं सुचलं. ते संदेशलाच सुचलं. मशीन रूममध्ये बसल्या बसल्या तो डोळे मिटून स्वतःच्या गालावरून बोटं फिरवत होता, कॉम्प्रेसरवरून फिरवायचा तशीच. मग त्यानं जुन्या लॉगशीटच्या पाठीवर चेहरा काढला आणि त्यावर बाण काढायला लागला. बोट ज्या दिशेनं गुळगुळीत जातं तिकडे केसाची दिशा. दोन्ही गालांवर बाण वरून खाली होते. उजव्या जबड्याखाली तिरके. डाव्या जबड्याखाली मात्र खालून वर, आणि गळ्याच्या मध्यावर भोवऱ्यासारखे गोल.

म्हणजे डाव्या बाजूला वरून खाली येणारा माझा 'सुलटा' हात त्याच्यासाठी उलटाच होता. आयुष्यभर तो त्या बाजूनं केसांच्या विरुद्ध दाढी करत आला होता. त्याचा न्हावीही तेच करत होता.

गळ्यावरचा भोवरा राहिला. तिथे कुठल्याही दिशेनं पातं लावलं तरी काही केस उलटे कापले जाणारच. दोन दिवस मी त्यावर डोकं चालवलं. मग एका दुपारी सरावासाठी मी स्वतः मास्क लावून काढला आणि हात धुताना आरशात बघितलं. रबरानं कातडीवर वळ उठवला होता. कपाळावरून, गालांवरून, जबड्याच्या आतून हनुवटीच्या खाली. तिथे तो संपत होता. गळ्याला मास्क शिवतच नव्हता.

मी संदेशला हाक मारली. त्याला मास्क लावायला लावला, काढायला लावला आणि वळाच्या कडेनं पेननं रेघ मारली. भोवरा रेघेच्या चांगला तीन बोटं खाली होता. तिथे पातं लावायचं कारणच नव्हतं. गळ्यावर मशीननं केस बारीक करायचे, बस. सावंत बाईंना फोटो पाठवून विचारलं. रबर बसतं तिथे आणि त्याच्या थोडं आजूबाजूला खुंट नकोत, त्याखाली काय आहे याच्याशी टेस्टचा संबंध नाही, असं त्यांचं उत्तर आलं.

त्यानंतर संदेशनं दाढी स्वतःच्या खोलीवर सुरू केली. मी गेलो नाही. त्यानं बाजारात सलूनचं सामान विकणाऱ्याकडून स्वतःचा ब्रश आणला. खोलीवरच्या बोअरच्या मचूळ पाण्यात फेस धरेना, तर शेजारच्या विहिरीचं पाणी तांब्यात आणायला लागला. एकच हात, बाणांच्या दिशेनं, सुरुवातीला एक दिवसाआड. गाल माझ्यासारखा गुळगुळीत होत नव्हता. हात फिरवला तर किंचित खरखरीत लागायचा. पण फोड नव्हते. पहिल्या आठवड्यात दोन आले, दुसऱ्यात एकही नाही. त्याची बायको सांगत होती की आता सकाळी हाक मारली तर उत्तर देत नाही, साबण चढवत बसलेला असतो.

महिना संपला तेव्हा सावंत बाई पुन्हा आल्या. या वेळी टेस्ट जरा कडक होती. मास्कला खास फिल्टर लावतात आणि आजूबाजूला पिकलेल्या केळ्यासारखा वास असलेलं रसायन ठेवतात. सील बरोबर असेल तर आतल्या माणसाला वास येत नाही. मग त्याला मान वळवायला, वाकायला, मोठ्यानं बोलायला लावतात.

आधी तळहाताची टेस्ट. मी दहा मोजले. संदेश थांबला नाही, मीच थांबवला. मग केळ्याचा वास. आमच्या सगळ्यांच्या नाकात तो भरला होता. देसाई साहेब दारात रुमाल धरून उभे होते. संदेशनं मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, वाकला, उभा राहिला आणि बाईंनी दिलेला उतारा मोठ्यानं वाचून दाखवला.

"कसला वास येतोय?" बाईंनी विचारलं.

मास्कच्या आतून घुमणारा आवाज आला, "रबराचा."

बाईंनी 'पास' लिहिलं. संदेशनं मास्क काढला आणि सवयीनं कॉलरचं बटण लावायला हात वर नेला. मग तसाच खाली घेतला. देसाई साहेब त्याच्याशी हस्तांदोलन करून गेले. जाताना मला म्हणाले की आता तुम्ही वेळेवर घरी जायला हरकत नाही.

मी जाऊन नोटीस बोर्डावरचा 'क्लीन शेव्ह सक्तीचं' हा कागद काढला. त्या जागी 'मास्कच्या सीलच्या रेषेत केस नसावेत' असा लावला आणि खाली चेहऱ्याचं चित्र काढलं. संदेशच्या फाइलमधले मेमो मला काढता आले नाहीत, तशी पद्धत नाही. मी त्यांच्या वर तिसरा कागद लावला. ते दोन्ही मेमो माहिती न घेता दिले होते, असं लिहून सही केली.

मी रिटायर झाल्यावर मशीन रूम संदेशकडे आली. मागच्या पावसाळ्यानंतर नवीन आठ जण भरती झाले. त्यांना मास्क शिकवायला त्यानं मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मी मागे खुर्चीवर बसलो होतो. मास्क हातात घेण्याआधीच त्यानं विचारलं, दाढी केल्यावर कुणाला त्रास होतो का. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग एकानं हात वर केला, आणि त्याचं बघून आणखी दोघांनी.

आठातले तीन. इतक्या वर्षांत मी किती जणांना मास्क शिकवला असेल, पण हा प्रश्न एकालाही विचारला नव्हता. आता तो भरतीच्या फॉर्मवरच आहे. एक ओळ जागा लागली.