मोहितेरावांच्या पामांवरचा मांडव

“लताबाई, पानांवर ऊन आलंय. काय छान दिसतायत म्हणून सांगू!”

सकाळी साडेसातला मोहितेरावांचा फोन. मी कॉफीचा लोटा खाली ठेवला. “राव, तिथे ऊन येईलच कसं? वर फणस आहे ना?”

“काल सुम्ने, उगीच आपल्या, चार फांद्या उतरवल्या की. जज लोकांना पानं दिसायला नकोत?”

मी कपाळावर हात मारून घेतला.

मी म्हैसुरात लोकांच्या बागा लावून देते. मोहितेराव माझे क्लायंट. सरकारी खात्यातून रिटायर झालेले इंजिनियर, घर नजरबादला. घरगुती बागांच्या स्पर्धेत चार वर्षं त्यांचा दुसरा नंबर. पहिला चारही वेळा शेजारच्या गौडा हेडमास्तरांच्या गुलाबांना. त्यावरून दोघांचं बोलणंसुद्धा बंद. यंदा राव मला म्हणाले, “त्याच्याकडे नाही असं काहीतरी लावा. ढाल माझ्या भिंतीवर आली पाहिजे.” म्हणून मी गेटाच्या आत, फणसाखाली, सात लिक्युआला लावले.

लिक्युआला म्हणजे बुटका पाम. पान ताटाएवढं गोल, चुण्या पाडलेल्या पंख्यासारखं. जंगलात मोठ्या झाडांच्या पायाशी वाढणारी जात ही. गाळून आलेला उजेड, दमट हवा, वाऱ्याला आडोसा, एवढं मिळालं की खूश. थेट उन्हात ठेवला की पान पिवळट पडतं, मग कडा करपतात. करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, आणि नवं यायला कित्येक महिने लागतात.

जज साडेअकराला येणार होते.

मी आठला पोचले. चार फांद्या कसल्या, फणसाचं मुंडण केलं होतं! “राव, हे चार?”

“माणूस वर चढलाच होता, म्हटलं...”

“मी बेडा, बेडा, नको म्हणून ओरडत होते,” सावित्रीअक्का, म्हणजे त्यांच्या मिसेस, म्हणाल्या. “ऐकतो कोण? यांनी पूल बांधलेत ना!” रडून त्यांचे डोळे लाल झाले होते. फणस त्यांच्या सासूबाईंनी लावलेला.

हिरवी शेडनेट बांधणारा माझा माणूस सणासाठी पिरियापट्टणला गेलेला. अक्कांच्या जुन्या साड्या बांधून बघितल्या, वाऱ्याने उडाल्या. शेवटी टेंट हाऊसवाल्याला फोन केला. त्याच्याकडे एकच कापड शिल्लक होतं, पांढरं. म्हटलं, आण बाबा, सावली पडल्याशी कारण. त्याने अर्ध्या तासात मांडव उभा केला आणि सवयीने वीस प्लास्टिकच्या खुर्च्याही ओळीने मांडून गेला.

आमच्या म्हैसुरात मंगलकार्याच्या मांडवाला केळीचे खांब आणि आंब्याची तोरणं असतात. मयताच्या घरीही मांडव घालतात, पण कोरा; तसा दिसला, की मांडव कशाचा ते गल्लीला सांगावं लागत नाही. माझा जन्म इथला, मला हे कळायला हवं होतं. पण डोक्यात पानांशिवाय दुसरं काही नव्हतं.

समोरच्या घरातला टीव्ही बंद झाला. दोन बायका आल्या, अक्कांचे लाल डोळे बघून काही न विचारता खुर्चीवर बसल्या. मला वाटलं, बाग बघायला आल्या. राव पामांच्या मागे उकिडवे बसून पानांवर पाणी फवारत होते.

साडेअकराला तीन जज आले आणि गेटातच थबकले. त्यांच्या मागोमाग गौडा सर, हातात सुगंधराजाचा, म्हणजे निशिगंधाचा, भला मोठा हार. मांडव बघून त्यांचा बांध फुटला.

“चार वर्षं बोललो नाही हो मी याच्याशी!” ते जजना कन्नडात सांगायला लागले. “खरी बाग याचीच. माझे गुलाब नर्सरीतले. स्पर्धेच्या आदल्या दिवशी फुललेल्या कुंड्या आणून मातीत पुरतो मी. माझं नाव काढा. ढाल याला द्या.”

मग पानांमागून मोहितेराव उठले, हातात फवारा, डोक्याला टॉवेल.

“गौडा, हे लिहून देता काय?”

“अय्यो!” एक बाई किंचाळल्या. गौडा सर आधी पांढरे पडले, मग लाल झाले. “जिवंत आहेस, तर सांगायचं नाही?” म्हणून रावांवर ओरडले, आणि मग त्यांच्या गळ्यात पडून पुन्हा रडले. राव पण रडले. खोटं कशाला सांगू, मला हसू आवरत नव्हतं आणि डोळेही पुसावे लागत होते. अक्कांनी हार घेतला आणि फणसाच्या खोडाला घातला.

निकाल लागला. गौडा सर स्वतःच्या तोंडाने बाद झाले. रावांच्या कागदावर जजनी शेरा मारला, ‘पाम उत्तम, मोठ्या झाडाची छाटणी अक्षम्य.’ ढाल तिसऱ्याच कोणाकडे गेली. पामांची सगळी मिळून चारच पानं करपली. आता संध्याकाळी मोहितेराव आणि गौडा सर त्या पामांशेजारी बसून, जजना काही कळत नाही, यावर एकमत करतात.

तेव्हापासून सावलीतलं झाड लावून देताना मी खतपाण्याचं फार बोलत नाही. वरच्या फांद्यांना हात लावणार नाही, असं मालकाकडून लिहून घेते. खाली सही मात्र त्यांच्या मिसेसची घेते.