कर, कापूस आणि बाबांचे प्रश्न

परभणी जिल्ह्यात झरीजवळच्या एका शाळेत मी वीस वर्षं इतिहास शिकवते आहे. दर फेब्रुवारीत ऑफिसात प्राप्तिकराचे कागद यायचे आणि क्लार्क बोट ठेवेल तिथं मी सही करायची. एका वर्षी त्या कागदावर जुनी पद्धत की नवीन, असा रकाना आला. क्लार्कनं तो परस्पर भरून टाकला होता. मी विचारलं, "नवीन का निवडली? आणि हा कर मुळात आला कुठून?"

तो हसला. "मॅडम, तुमी इतिहास शिकवा. ह्ये आमच्यावर सोडा."

खोलीतले सगळे हसले. मीही हसले आणि सही केली. परत जाताना जीपमध्ये मात्र कानशिलं तापली. रागाचं खरं कारण तो नव्हताच. इतकी वर्षं मी पोरांना लढाया शिकवत होते आणि त्या लढायांचा खर्च कुणाच्या खिशातून गेला, हे मलाच सांगता आलं नसतं. ठीक आहे, म्हटलं. इतिहासच वाचू. कराचा.

दुसऱ्या दिवशी परभणीला वाचनालयात गेले. ग्रंथपालबाईंनी स्पर्धा परीक्षेची गाइडं पुढं केली. ती नको म्हटल्यावर त्या मागच्या कपाटाशी गेल्या आणि जमीनमहसुलाच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक धूळ झटकून माझ्या हातात दिलं. "हे कुणी नेत नाही," त्या म्हणाल्या. "किती दिवसांत आणाल?"

"संपेल तेव्हा," मी म्हटलं.

मी राहते पूर्णेला, बाबांसोबत. परभणी ते पूर्णा रेल्वेगाडीत रोज चार पानं, बसायला जागा मिळो न मिळो, हा नियम केला. पहिले दोन महिने डोक्यात काही शिरत नव्हतं. एकच पान तीन-तीन दिवस वाचलं. महसुलाचं पुस्तक संपल्यावर कंपन्या आणि शेअरबाजाराच्या इतिहासाकडे वळले. ती पुस्तकं इंग्रजीत होती आणि माझं इंग्रजी बेताचं. शब्दकोश पिशवीत ठेवला. हळूहळू गोष्टी जुळायला लागल्या. सत्तावनच्या उठावानंतर इंग्रजांची तिजोरी रिकामी झाली, ती भरायला त्यांनी प्राप्तिकर आणला, हे कळलं त्या दिवशी डब्यात उभ्या उभ्या मला कुणाला तरी सांगावंसं वाटलं. शेजारच्या बाईंना सांगितलं. त्यांनी "बरं" म्हणून पिशवी सरकवून मला बसायला जागा दिली.

याच सुमारास बाबांकडे त्यांचा जुना सोबती यायला लागला. बाबा रेल्वेत गँगमन होते, तोही त्यांच्याच गँगमधला. आता तो एका कंपनीच्या योजनेसाठी माणसं जोडत होता. दोन वर्षांत रक्कम दुप्पट, अशी ती योजना. बाबांची निवृत्तीची ठेव बँकेत मोकळी होणार होती आणि त्यांचा जवळजवळ होकार झाला होता.

मी संतापले. वाटेल ते बोलले. बाबांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "त्यो माज्यासंगं उन्हातान्हात रुळावर व्हता. खोटं न्हाई बोलायचा. आन् पैसा माज्या घामाचा हाय."

त्या दिवशी मला कळलं की धाक घालून हे व्हायचं नाही. रविवारी सकाळी चहा झाल्यावर पुस्तक घेऊन त्यांच्या खाटेजवळ बसले. म्हटलं, "कापसाची गोष्ट आहे, ऐका." कापूस म्हटल्यावर ते सावरून बसले.

मी वाचत गेले, अडेल तिथं आपल्या बोलीत सांगत गेले. अमेरिकेत आपसांतली लढाई पेटली. तिकडचा कापूस विलायतेला जाईना. मग आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाला पूर आला. त्या पैशावर कंपन्या निघाल्या. एक कंपनी तर समुद्र बुजवून जमीन करणार होती. जमीन अजून पाण्याखालीच, पण तिचे शेअर रोज चढत होते.

"थांब," बाबा म्हणाले. "म्हंजे रूळ टाकायच्या आदीच गाडीची तिकिटं इकली?"

मी पुस्तक मिटून त्यांच्याकडे बघत राहिले. इतक्या महिन्यांत मला इतकं सरळ सांगता आलं नव्हतं.

"मंग फुडं काय झालं?"

"लढाई संपली. भाव कोसळला. मोठमोठे सावकार बुडाले, बँका बुडाल्या."

सोबती पुन्हा आला तेव्हा मी चहा ठेवायला आत गेले, पण कान बाहेरच होते.

"तुजी कंपनी आमच्या पैशाचं करती काय?" बाबांनी विचारलं. "धंदा कोणता?"

"त्ये वरचे लोक बघतेत."

"वरचे म्हंजे कोन? तू पायलास का कुनाला?"

सोबती हळूच म्हणाला, "माजेबी सगळे त्याच्यातच हायेत."

"मंग आजच जा आन् काढून घे," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण रुळावर गाडी आल्याचा इशारा देतात तशी त्यात घाई होती.

त्यानं ऐकलं, पण अर्धंच. थोडी रक्कम काढली, बाकीची लोभानं राहू दिली. काही महिन्यांनी त्या कंपनीच्या ऑफिसला कुलूप लागलं. बाबांची ठेव बँकेतच होती. बाबा त्याच्यासोबत तक्रार द्यायला गेले. त्याचे पैसे अजून मिळालेले नाहीत. तो अजूनही येतो, चहा घेतो, आणि बाबा त्याला एका शब्दानं टोचत नाहीत.

पुढच्या फेब्रुवारीत मी कागद घरी आणला आणि दोन्ही पद्धतींनी स्वतः हिशेब मांडून पाहिला. क्लार्कनं निवडलेलीच पद्धत माझ्या फायद्याची निघाली. मी त्याला तसं सांगितलं. आपण ती अंदाजानंच भरली होती हे कबूल करताना तो जरा ओशाळला आणि म्हणाला, "मग माझाबी एकदा बघता का, मॅडम?"

बाबांना आता सकाळच्या वाचनाची सवय झाली आहे. मध्यंतरी संपत्तीच्या इतिहासावरचं एक नावाजलेलं पुस्तक पूर्ण झालं. शेवटचं पान ऐकून त्यांनी विचारलं, "समदे सावकार आले, राजे आले. आपल्यासारख्याचं ह्याच्यात कायीच कसं न्हाई?"

मग बाबा स्वतःच सांगायला लागले. निजामाच्या राज्यात गावाचा वसूल गोळा झाला की तो तालुक्याच्या खजिन्यात पोचवायचं काम त्यांच्या आजोबांकडे असायचं. हातात काठी, डोक्यावर दुसऱ्याचा पैसा, आणि पायी वाट. त्या बदल्यात खळ्यावरचं धान्य मिळायचं, तेही हात पसरून. ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याच्या भरवशावर सगळ्या गावाची रक्कम जायची.

"कधी कमी पडली का?" मी विचारलं.

"एकदाबी न्हाई," बाबा म्हणाले.

हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. त्याच दिवशी कोरी वही आणली. रोज सकाळी ते सांगतात, मी लिहिते. वाटेतली गावं कोणती, मुक्काम कुठं व्हायचा, खजिन्यात पावती कुणाच्या नावानं फाटायची, सगळं विचारते. जे त्यांना आठवत नाही ते विचारायला पुढच्या सुट्टीत आम्ही दोघं त्यांच्या आजोबांच्या गावी जाणार आहोत. तिथं त्यांच्या वयाची दोन-तीन माणसं अजून आहेत.