आईचं माहेर आणि नाईल

नाईलकाठचा प्रवास बाबांनी ठरवला होता. ते पौडकडच्या एका शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवत होते, पण वाळवंटातून वाहणारी ती नदी त्यांनी फक्त नकाशात पाहिली होती. त्यांचं आणि आईचं बुकिंग झालं आणि दिवाळीनंतर ते अचानक गेले.

सहल रद्द करू, असं मी आईला म्हटलं.

"कशाला? तू चल त्यांच्या जागी," ती म्हणाली. भुकूमचा फ्लॅट बंद करून आम्ही दोघी निघालो.

लक्झरहून अस्वानकडे बस नदीच्या कडेने जात होती. एका बाजूला ऊस, केळी, खजुरी; दुसऱ्या बाजूला रस्ता संपला की वाळूच. आई खिडकीशी बसली होती. बाबा गेल्यापासून ती रडली नव्हती. धड बोललीही नव्हती.

"हितं पाऊस पडतच न्हाई?"

"नाही म्हणतात."

"आन एवढं पानी?"

"लांबून येतं. दुसऱ्या देशातल्या पावसाचं."

अस्वानला गाइडने आम्हाला तिथल्या मूळच्या नुबियन लोकांपैकी एका बाईच्या घरी चहाला नेलं. बाई आईहून थोडी मोठी असेल. तिचं गाव मोठ्या धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा ती तिच्या आईच्या कडेवर होती म्हणे. गाइड इंग्रजीत सांगत होता, मी मराठीत.

आईने पेला खाली ठेवला. तिचं माहेरही असंच गेलेलं, आमच्याच मुळशी तालुक्यातल्या एका अलीकडच्या धरणात. तिच्या माणसांना दौंडकडे जमीन मिळाली. आजोबांनी तिथे विहीर खणली, तिला मचूळ पाणी लागलं. त्या मुलखात ते कधी रमलेच नाहीत.

"तिला इचार, उन्हाळ्यात पानी उतरलं की गाव दिसतं का? आमचं दिसतं. देवळाचं जोतं, घरांचे उंबरे."

मी विचारलं. बाईने मान हलवली. कधीच नाही.

आई उठून तिच्याशेजारी जाऊन बसली. तिचा हात हातात घेतला आणि एकदम हुंदका फुटला.

"ते न्यायचे गं मला. दर उन्हाळ्यात. सोताच म्हनायचे, चल, तुज्या माहेराला जाऊन येऊ. आता कोन नेईल?"

बाईला शब्द कळले नसणार. ती आईच्या पाठीवरून हात फिरवत आपल्या भाषेत काहीतरी बोलत राहिली. गाइडने त्याचं भाषांतर केलं नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाळवंट ओलांडून आम्ही अबू सिंबेलला पोचलो. धरणाचं पाणी चढण्याआधी डोंगरात कोरलेलं तिथलं प्राचीन देऊळ कापून, उचलून उंचावर आणलं, असं गाइडने सांगितलं.

"देवाला काढलं वर," आई म्हणाली. "बरं झालं." आणि सावलीत बसली. आत आलीच नाही.

मी बाहेर आले तेव्हा ती त्या बाईचं गाव बुडवलेल्या समोरच्या पाण्याकडे बघत होती.

"काय हाय आत? सांग."

मी तिच्याशेजारी बसून सांगू लागले. भिंतींवरची चित्रं, राजे, रथ, घोडे. ती ऐकत होती की नाही, मला कळलं नाही.