मामा वारले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरींनाही नाही. आईला सांगायची गरज नव्हती, ती तिथेच बसली होती. आज तुम्हाला सांगते आहे — तुम्हालाच का, ते मलाही धड ठाऊक नाही.

पण आधी चांगलं सांगू द्या. माझ्या आयुष्यात जे काही धड झालं, त्यातलं निम्म्याहून जास्त किसनमामाचं आहे. वडील गेले तेव्हा मी लहान होते. आई मला घेऊन भावाकडे आली, अहमदपूरच्या बाजूच्या एका गावात. मामा मला सायकलच्या कॅरियरवर बसवून अहमदपूरच्या शाळेत सोडायचा. पोरीला शिकवून काय कलेक्टर करणार का, असं लोक विचारायचे. तो हसायचा आणि मला सगळ्यांसमोर ‘मास्तरीणबाई’ म्हणायचा. मी चिडायचे, आणि आतून फुलून यायचे.

मग ते झालं. बांधावरून भांडण पेटलं, मामाच्या हातातली काठी समोरच्या माणसाच्या डोक्यात बसली आणि तो माणूस गेला. मामानं कधी आडपडदा ठेवला नाही. माझ्या हातून मेला, एवढंच म्हणायचा. औरंगाबादच्या तुरुंगात त्याची ऐन उमेदीची वर्षं गेली. लग्न राहून गेलं. भेटायला जाईल त्याच्याकडे मात्र एकच निरोप असायचा — तिची शाळा बंद करू नका. आईनं केली नाही. मी मॅट्रिक झाले ती त्या निरोपांवर.

सुटून आला तो केस पिकवून. आत सतरंज्या विणायला शिकला होता. गोठ्यात त्यानं माग उभा केला. काय विणायचा! पण तुरुंगातल्या हातची सतरंजी आपल्या घरात कोण अंथरणार? गाडीचं चाक निखळलं की किसन, बैल अडला की किसन, विहीर आटली की किसन. सतरंजी मात्र नको. मला गावाचा भारी संताप यायचा. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला ही माणसं अजून किती भोगायला लावणार, असं मी आईशी तावातावानं बोलायचे. मोठी शहाणी होते मी.

मामा सुटून आला त्याच वर्षी लातूर जिल्हा वेगळा झाला होता आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला. मला पाहायला उदगीरहून माणसं आली. मुलाला लातूरच्या नव्या कचेरीत नोकरी लागली होती. नोकरीचा नवरा, लातूरचं घर, घरात नळ — मला ते सगळं हवं होतं. हवं होतं म्हणजे जीव तुटत होता. ती मंडळी मामाच्याच सतरंजीवर बसली. होणाऱ्या सासूनं तिच्यावरून हातही फिरवला. मग सहज विचारलं, मुलीचे मामा काय करतात?

आई तोंड उघडणार होती. ती काय म्हणाली असती, मला माहीत नाही. कारण मीच बोलले.

“मामा वारले.”

झालं. दोन शब्द. ते कुणी माझ्याकडून वदवून घेतले नव्हते, पढवलेही नव्हते. भिंतीपलीकडे गोठ्यात माग वाजत होता. तो थांबला. थोड्या वेळानं पुन्हा वाजायला लागला.

आईनं मला एका शब्दानं विचारलं नाही. गावानंही तोंड दाबून ठेवलं, कारण पोरीचं जमलेलं लग्न कुणी मोडत नसतं. ज्या गावाला मी नावं ठेवली, त्यानंच माझं खोटं सांभाळलं. आणि मामा? संध्याकाळी बैलांना कडबा टाकता टाकता म्हणाला, “बरं केलंस, मास्तरीणबाई. आता पाण्याचं मी बघतो.”

लग्नाचं सगळं पाणी त्यानं आणलं. मन्याड नदीच्या कोरड्या पात्रात झरा खणून, वाटीवाटीनं कळशा भरून, बैलगाडीवर लोखंडी टाक्या घालून. तुम्हाला आमच्याकडची रीत ठाऊक आहे ना? मामा भाचीला हाताला धरून बोहल्यावर आणतो आणि मंगलाष्टका होईपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. मला शेजारच्या काकांनी आणलं. माझा मामा मांडवाबाहेर बैलांचा कासरा धरून उभा होता. तिथूनच त्यानं अक्षता टाकल्या. एकही माझ्यापर्यंत पोचली नसेल.

जेवणाच्या वेळी सासूबाईंना तहान लागली. मामा तांब्या घेऊन आला. केवढं गार पाणी, असं म्हणत त्यांनी मला विचारलं की हा कोण. डोक्याला मुंडावळ्या बांधलेल्या मी काय सांगावं? आमचा गडी आहे, म्हणाले. तो पुढ्यातच उभा होता.

“हाव जी,” मामा म्हणाला, “गडीच हाय मी. किसन.” आणि त्यांचा तांब्या पुन्हा भरला.

त्यानंतर वर्षानुवर्षं तो लातूरला आमच्या घरी येत राहिला — गडी म्हणून. हरभऱ्याचे ढाळे आणायचा, बोरं आणायचा, पायरीवर बसायचा, माझ्या पोरींशी थट्टा करायचा. सासूबाई त्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नसत. मी वाढायचे. त्याला माझा राग आलाय असं त्याच्या डोळ्यांत कधी काही दिसलं नाही. त्याला मी बघायला मिळत होते, तेवढं त्याला पुरत होतं. एवढी माया माझ्या वाट्याला आली, ती कोणत्या पुण्याईनं? अजून कळलेलं नाही. रोज आठवते आणि रोज हात जोडते.

तो गेल्याचा निरोप आला तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, चल, आपल्या माणसासारखा होता. आम्ही दोघी मातीला गेलो. उचलायच्या आधी तोंडात पाणी घालतात, ते आपल्यातल्या माणसानं घालायचं. आई तोवर राहिली नव्हती. शेजारच्या काकू तांब्या घेऊन थेट माझ्यासमोर आल्या. नुसता तांब्या पुढे धरला. गावानं एवढी वर्षं सांभाळलेलं खोटं जणू माझ्यापुढे ठेवलं, आता तूच काय ते कर म्हणून.

मी हात पुढे केला नाही.

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना वाटलं, पाणी घालायला त्याचं कुणी उरलेलं नाही. त्यांनी पदर खोचला, काकूंच्या हातातून तांब्या घेतला आणि मामाच्या तोंडात पाणी घातलं. परक्या बाईनं. ज्यानं माझ्या लग्नाचं पाणी वाहिलं, त्याच्या तोंडात.

परतीच्या एसटीत त्या म्हणाल्या, “तुरुंगात जाऊन आला होता म्हणे. बायका बोलत होत्या. आला असेल. असा एखादा मामा तुला असता तर बरं झालं असतं गं.”

मी हो म्हणाले.

सासूबाईही गेल्या आता. कोर्टानं मामाला दिलेली शिक्षा कधीतरी संपली होती. मी दिलेली त्यानं मरेपर्यंत भोगली, आणि वर हसत भोगली. पाहायला आलेली माणसं बसली होती ती सतरंजी माझ्याकडे आहे. पोरी विचारतात, कुठून आणलीस? विकत घेतली, म्हणते.

मला मामा होता. किसनमामा. माझ्या लग्नात तो जिवंत होता.