बायडाबाईच्या मागच्या चाकाची हवा

बाईनं मोटारसायकल चालवायची तर गावातल्या किती जणांची परवानगी लागते, सांगता का मला? नवऱ्याची एक धरा. सासऱ्याची दुसरी. मग पारावर बसून तंबाखू मळणाऱ्यांची, ज्यांच्या स्वतःच्या गाड्या हुंड्यात आल्या. मोजून सांगा. आमच्या बायडाबाईनं कधी मोजल्या नाहीत, म्हणून ही गोष्ट झाली.

बायडाबाई अडतीस वर्षांची. शाळा चौथीपर्यंत. तेलगावहून दिंद्रुडकडं जाताना आत वळलं की आमचं गाव लागतं. तिचा नवरा बंकट दिवाळी झाली की मेंढरं घेऊन लांब जातो तो मिरगालाच परततो. सहा-सात महिने त्याची गाडी छपराखाली धूळ खात उभी. एक दिवस बायडाबाई म्हणाली, "उभी गाडी काय दूध देती व्हय?" आणि कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या मोकळ्या रानात घेऊन गेली. आठवड्यात शिकली. लुगड्यावर बंकटचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल घट्ट. बंकटला फोनवर कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "क्लच जपून धर. ती मेंढी न्हाई."

बचत गटाच्या बायकांच्या ग्रामसंघानं तिला पशुसखी केलं. म्हणजे वस्तीवस्तीवर जाऊन शेळ्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं. मागं बर्फाची पेटी बांधलेली, तिच्यात लस. बर्फ वितळला की लस बाद. म्हणून तिला गाडी पाहिजे, आणि गाडी वेळेत पोचली पाहिजे. शेळी गुडघ्यात धरून अशी टोचते, की शेळीला बाई निघून गेल्यावर कळतं.

मग चैत्रात ती पडली. कालव्याच्या वळणावर मुरूम आहे, तिथं मागचं चाक सापासारखं वळवळलं. गुडघे फुटले. महिन्यानं पुन्हा पडली, त्याच वळणावर. या खेपेला मनगट मोडलं, पेटी फुटली आणि साठ शेळ्यांची लस धुळीत गेली.

गावाला तेवढंच पाहिजे होतं. "बाईचं काम न्हाई ते." "तोल लागतो, तोल!" तोल म्हणे. डोक्यावर दोन अन् काखेत एक घागर घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढताना कुणाला बाईचा तोल दिसत नाही.

अर्जुनराव म्हणजे आमच्या गावचे पुढारी, शंभर एकराचे धनी. त्यांनी तोडगा काढला. "काम घरातच राहू द्या. बजरंगच्या बायकोचं नाव लावा, बजरंग गाडीवर हिंडंल." बजरंग हा बंकटचा धाकटा भाऊ, दिवसभर अर्जुनरावांच्या जीपमागं फिरणारा. कागदावर बायको, गाडीवर नवरा. आमच्याकडं सरपंचकीसुद्धा अशीच चालते. बजरंगची बायको सत्यशीला, तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

हाताला प्लास्टर असताना बायडाबाई गाडी ढकलत तेलगावच्या पंक्चरवाल्याकडं गेली. एका हातानं. मी तिच्याच बचत गटातली, सोबत होते, पण मला हात लावू दिला नाही. पंक्चरवाल्यानं ट्यूब काढली, पाण्याच्या टपात बुडवली, फिरवून फिरवून बघितली. एक बुडबुडा येईना. हवा भरायचा वालही चांगला.

"मावशी," तो म्हणाला, "हवा गेली न्हाई. कुणीतरी काढली. पूर्ण न्हाई, निम्मी. पूर्ण काढली तर माणूस बसतच न्हाई गाडीवर. निम्मी काढली की बसतो, आन् वळणावर पडतो."

परत येताना मी तापून म्हणाले, "चल ठाण्यात." ती म्हणाली, "आक्का, ठाण्यात काय सांगू? हवा पळाली म्हनून?"

तिची लेक योगिता अंबाजोगाईला नर्सिंग शिकते. तिनं हे ऐकलं आणि दोन टोपणं मागवून पाठवली. वालावरचं साधं टोपण काढायचं, हे बसवायचं. आत बटणाएवढा सेल. टोपण हवेचा दाब मोजतं आणि फोनला कळवतं. हवा झपकन कमी झाली की फोन ओरडतो. फोनमधली बाई इंग्रजीत ओरडायची, बायडाबाईला आकडे तेवढे कळायचे. मागं बत्तीस, पुढं पंचवीस. पहिल्या आठवड्यात ऊन तापलं की दाब वाढायचा आणि फोन उगाच बोंबलायचा. तिनं त्या बाईलाही शिव्या दिल्या. पण पंधरा दिवसांत ऊन वाढल्याचा आवाज कुठला आणि हवा सुटल्याचा कुठला, हे तिला शेळीच्या खोकल्यासारखं ओळखू यायला लागलं.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात, शुक्रवारी दुपारी ग्रामपंचायतीच्या खोलीत ग्रामसंघाची बैठक लागली. बायडाबाईला काढायचं की ठेवायचं, एवढाच विषय. बायका सतरंजीवर. अर्जुनराव बोलावलेले नव्हते, पण खुर्चीवर. गाडी बाहेर, खिडकीखालच्या लिंबाच्या सावलीत.

अर्जुनराव सांगत होते, "बायडाबाई, आमाला तुझी काळजी हाय म्हनून सांगतो..."

तेवढ्यात तिच्या पिशवीत फोन ओरडला. बायडाबाई ऊठसूट धावणारी नाही, पण त्या वेळी एका दमात बाहेर गेली. मागोमाग मी. गाडीजवळ कुणी नव्हतं. मागचं चाक बसलेलं, आणि वालावर टोपण नाही. समोर आप्पारावचं चहाचं दुकान, आणि आप्पाराव किटलीत डोकं घालून.

आम्ही आत आलो तर दाराशी बजरंग येऊन बसलेला, घाम पुसत.

"परत हवा गेली का?" अर्जुनराव हसले. "बघा, गाडीच्याच मनात न्हाई."

बायडाबाईनं फोन सगळ्यांपुढं धरला. "भरून आनली तवा बत्तीस. आता शून्य. दोन मिनिटांत. आन् टोपण बी गायब. पन ते अजून बोलतंय, म्हंजी लांब गेलेलं न्हाई. ज्याच्याकडं टोपण, त्यानं हवा सोडली."

"कुत्र्यानं नेलं आसंल," बजरंग म्हणाला. दोन-चार जण हसले.

सतरंजीच्या शेवटच्या ओळीतून सत्यशीला उठली. लग्नाला अकरा वर्षं झाली, चारचौघांत तिचा आवाज मी ऐकलेला नव्हता.

"कुत्र्याला खिसा आसतो का वो?" ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी खिसा दावा."

"गप बस."

"दावा म्हनते ना!"

मग तीच पुढं गेली, त्याच्या शर्टाच्या खिशात हात घातला. तंबाखूची पुडी निघाली आणि तिच्यासोबत ते काळं टोपण. फोन अजून ओरडत होता.

बजरंग म्हणाला, "मला वाटलं फॅन्सी हाय. कुनीतरी येताना दिसलं म्हनून घाईत खिशात टाकलं."

आता खिडकीतून आप्पाराव बोलला. "मागल्या दोन्ही बारीला बी ह्योच वाकला व्हता गाडीपाशी."

मी भडकले. "तवा कावून बोलला न्हाईस रं?"

"घरातलं भांडन," तो म्हणाला. "आपन कशाला पडावं?"

अर्जुनरावांनी लगेच तोच धागा धरला. "व्हय, घरातलं घरात मिटवा."

"घरातलं?" बायडाबाईनं मनगट वर केलं. हाड थोडं वाकडंच बसलंय. "हात माजा रस्त्यावर मोडला, अर्जुनराव. घरात न्हाई. आन् ह्या बैठकीला तुमाला बोलावलं कुनी?"

अर्जुनराव आपणहून खुर्चीवरून उठले, हे मी पहिल्यांदाच बघितलं. बायकांनी हात वर केले, सत्यशीलेचा सगळ्यांत आधी. काम बायडाबाईकडंच राहिलं.

पण तेवढ्यानं ती निघाली नाही. आप्पारावच्या दुकानातला पायपंप मागवला आणि बजरंगपुढं ठेवला. स्वतः टोपण हातात धरून उभी राहिली. "मार." त्यानं इकडंतिकडं बघितलं. बंकट शंभर कोसांवर, अर्जुनरावांची जीप निघून गेलेली. मारला. ती मधून मधून टोपण बसवायची, फोन बघायची. "अठरा. मार. पंचवीस. दम लागला? मला बी लागलता, एका हातानं गाडी ढकलताना. मार." बत्तीसला तिनं थांबवलं, किक मारली आणि पेटी बांधून वस्तीवर गेली. बर्फ अजून घट्ट होता.

बजरंगचा मला आता फार राग येत नाही. त्याला त्याची बायको पुरेशी आहे. राग येतो आप्पारावचा. तीनदा बघितलं आणि तीनदा चहा उकळत राहिला. आणि तो एकटा नाही, प्रत्येक चौकात एक आहे.

म्हणून तुमच्याकडं एकच मागते. तुमच्या गावात बाईच्या गाडीपाशी कुणी वाकलेला दिसला, तर मान फिरवू नका. तिथंच, मोठ्यानं, त्याच्या नावानं हाक मारा.